दख्खनचे दंगे ते तंटामुक्ती : नगर जिल्ह्यातील गाव आणि पोलीस

१/ १२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने लुटली, कर्जाचे रोखे जाळले. पाहता पाहता हे लोण नगर जिल्ह्यातील (आजचा अहिल्यानगर) पारनेर, श्रीगोंदे, नगर व कर्जत तालुक्यांत पोहोचले. इतिहास या घटनांना ‘दख्खनचे दंगे’ म्हणतो.

२/ दंगेखोरांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. सावकाराने रोखे हवाली केले, तर बहुधा मारहाण टळे. सरकारपुढील पेच वेगळाच होता. गुन्ह्याची खबर देणारे पाटील आणि जागले गावातलेच. १८६७ च्या ग्रामपोलीस कायद्याची सारी भिस्त त्यांच्यावर. गावच उठले, तर खबर द्यायची कोणी?

३/ सरकारचे पहिले उत्तर सक्तीचे होते : लष्कर, धरपकड आणि जादा पोलिसांची ठाणी. या ठाण्यांचा खर्च गावकऱ्यांवरच लादण्यात आला. पोलीस गावात आले, ते शिक्षा म्हणून.

४/ दुसरे उत्तर अधिक विचारपूर्वक होते. चौकशी आयोगानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर हे त्याचे चार जिल्हे. त्यात ग्राम-मुन्सफ होते, तसेच दावा कोर्टात जाण्याआधी सलोखा घडवणारे पंचही होते. तंटा लहान असतानाच मिटला, तर काठी उचलण्याची वेळ येत नाही, हा त्यामागचा तर्क.

५/ परंतु या सलोख्यात एका बाजूस हिशेबाची वही होती आणि दुसऱ्या बाजूस निरक्षर कुणब्याचा अंगठा. असमान पक्षांतील तडजोड बलवानाच्या बाजूने झुकते.

६/ स्वातंत्र्यानंतर गावची यंत्रणाच बदलली. १९५८ च्या कायद्याने महार वतनासह कनिष्ठ गाव-वतने रद्द झाली आणि १९६२ च्या कायद्याने वंशपरंपरागत मुलकी पाटीलकी गेली. १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने पोलीस पाटील हा जन्माने नव्हे, तर नेमणुकीने ठरू लागला.

७/ १५ ऑगस्ट २००७ रोजी गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ग्रामसभेने समिती निवडायची. पोलिसांच्या साहाय्याने दिवाणी, महसुली व तडजोडपात्र फौजदारी तंटे गावातच मिटवायचे. तंटामुक्त ठरलेल्या गावास बक्षीस. बांधावरची भांडणे डोकी फुटण्याआधीच थांबावीत, हा हेतू. १८७९ चाच तर्क नव्या रूपात परतला होता.

८/ मात्र प्रत्येक गुन्हा हा तंटा नसतो. २०१४ साली जामखेड तालुक्यातील खर्डा येथे एका दलित विद्यार्थ्याची हत्या झाली. खटल्यात अनेक साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ मध्ये न्यायालयाने आरोपींची निर्दोष मुक्तता केली. ‘गावात शांतता आहे’ या वाक्याचा अर्थ अशा वेळी तपासून पाहावा लागतो.

९/ १८७५ मध्ये गाव सरकारविरुद्ध गप्प राहिले, कारण सरकारवर त्याचा विश्वास नव्हता. आपल्यातील दुर्बलाविरुद्ध गाव गप्प राहते, तेव्हा कारण निराळे असते : भीती, नाते, जात. पहिले मौन विश्वासाने सुटू शकते. दुसरे सुटण्यासाठी साक्षीदाराला संरक्षण लागते, आणि समितीत त्या दुर्बलाचा माणूस असावा लागतो. पोलीस आणि गाव यांची भागीदारी खरी की कागदोपत्री, हे बक्षिसाच्या फलकावरून नव्हे, तर कोर्टातील साक्षीवरून ठरते.