क्लिफ्टन पार्कची कुरणे
स्कॉटलंडच्या सीमाभागात केल्सोजवळच्या क्लिफ्टन पार्क इथे रॉबर्ट एलियट या जमीनदाराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निकस जमीन सुधारण्याची पद्धत बसवली. म्हैसूर संस्थानात कॉफीचे मळे चालवलेला हा गृहस्थ विकतच्या खतांपेक्षा मुळांवर विसंबला. त्याच्या बियाण्यात गवतांबरोबर क्लोव्हर, चिकोरी, बर्नेट आणि एरवी तण म्हणून उपटली जाणारी यॅरोही असे. चिकोरीचे सोटमूळ नांगर न पोचणारा घट्ट थर भेदी; क्लोव्हरच्या मुळांवरील गाठींत हवेतला नत्र बांधला जाई. काही वर्षे गुरे-मेंढ्या चारून कुरण नांगरले, की कुजत्या मुळांच्या सेंद्रिय द्रव्यावर पुढची पिके पोसत. १८९८ साली त्याने हे पुस्तकरूपाने मांडले. पुढे स्वस्त नत्रखतांनी ही पद्धत मागे पाडली, आणि तो तोट्याचाच सौदा होता.