कारकुनाचे घर

मुंबईत नोकरीस लागलेल्या तरुणाने तिशीच्या आत स्वतःच्या मालकीची सदनिका घ्यावी, निदान तिच्यासाठी बँकेकडे अर्ज तरी गुदरलेला असावा, ही अपेक्षा आज इतकी सर्वमान्य झाली आहे की, ती या शहराइतकीच जुनी असावी असा कोणाचाही समज व्हावा. वस्तुस्थिती अगदी निराळी आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पेढीत, कचेरीत किंवा रेल्वेच्या दप्तरात खर्डेघाशी करणाऱ्या मुंबईकराच्या मनोराज्यात स्वतःच्या घराला स्थान असलेच, तर ते घर कोकणातल्या नाहीतर घाटावरच्या गावी असे. मुंबईत त्याला हवे असे ते बिऱ्हाड. गिरगावात दोन खोल्या, समोर सार्वजनिक गॅलरी, महिन्याच्या महिन्याला मिळणारी भाडेपावती आणि शेजारपाजारी आपल्याच पंगतीत बसणारी माणसे, एवढ्यावर त्याची प्रतिष्ठा सुखेनैव उभी होती. भाडेकरू असण्यात कमीपणा मानावा, हे त्याला ठाऊकच नव्हते. या भाडेकरूचा खरीदार कसा झाला, हे पाहू गेल्यास माझ्या मते त्याच्या मुळाशी मालकीची हौस फारशी नसून, भाड्याने राहण्याचे दरवाजे एकामागून एक बंद होत गेले, हेच कारण प्रामुख्याने आढळते.

या इतिहासाचा आरंभ एका रोगराईपासून करावा लागतो. 1896 च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय वैद्याने प्लेगचे निदान केले आणि दाट वस्तीच्या, हवाउजेड नसलेल्या चाळींकडे सरकारची दृष्टी प्रथमच गांभीर्याने वळली. 1898 मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले, दादर–माटुंग्याकडे भूखंड आखले. परंतु पाडण्याचा उत्साह जितका दांडगा होता तितका बांधण्याचा नव्हता, आणि विस्थापित झालेला गरीब माणूस बहुधा पलीकडच्या गल्लीतल्या आधीच भरलेल्या खोलीतच जाऊन शिरला. दादरच्या नव्या वसाहती पांढरपेशांच्या वाट्याला आल्या. एका उत्पन्नगटासाठी म्हणून आखलेली योजना त्याच्या वरच्या पायरीवरील माणसाने उपभोगावी, हा क्रम येथून जो सुरू झाला तो पुढे क्वचितच खंडित झाला.

याच सुमारास श्रीपाद सुब्राव तालमकी या गृहस्थांनी एक निराळीच तजवीज केली. कानडा जिल्ह्यातून मुंबईस आलेल्या चित्रापूर सारस्वत समाजातील नोकरदारांसाठी 1906 साली शामराव विठ्ठल यांच्या नावाने सहकारी पतपेढी काढणारे तालमकी 1915 साली गावदेवीच्या सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्थेचे प्रवर्तक झाले; आशियातील या प्रकारची ही पहिली संस्था म्हणून तिचा उल्लेख होतो. या संस्थेची रचना आजच्या सदनिकाधारकास काहीशी गूढ वाटेल. सभासदाने भाग घ्यावेत, इमारत संस्थेच्या मालकीची असावी, आणि सभासदाने त्याच इमारतीत संस्थेचा भाडेकरू म्हणून राहावे, म्हणजे तो एकाच वेळी मालकांतला एक आणि कुळ असे दोन्ही व्हावा, अशी ती योजना होती. खोली विकून नफा कमवावा हा विचार तीत बसतच नव्हता. अल्प पगाराच्या माणसाला शहरात स्थैर्य देण्याचा इतका समंजस मार्ग त्यानंतर फारसा कोणी काढलेला दिसत नाही. मात्र त्यात एक मेख होती. पगारदार, एकमेकांना ओळखणारे आणि एकमेकांच्या शब्दावर पैसे गुंतविणारे लोक जमविण्यास ज्ञातीचे बंधन सोयीचे पडले. ज्याच्या ज्ञातीत पगारदारच नव्हते, त्याच्यापुढे हा मार्ग नुसता कागदावर उघडा राहिला.

सरकारचा मोठा प्रयत्न पहिल्या महायुद्धानंतरचा. गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या कारकीर्दीत निघालेल्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने कामगारांसाठी पन्नास हजार खोल्यांचा संकल्प सोडला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून 207 चाळी, म्हणजे सोळा हजारांहून अधिक खोल्या उभ्या राहिल्या. खोली 160 चौरस फुटांची, मजल्यावर वीस बिऱ्हाडे, काँक्रीटच्या भिंती, आणि गिरणीपासूनचे अंतर अडचणीचे. साहजिकच पहिल्या काही वर्षांत कित्येक खोल्यांना भाडेकरूच मिळेना, आणि सत्याग्रहाच्या काळात वरळीच्या चाळींचा उपयोग राजबंद्यांसाठी तात्पुरता तुरुंग म्हणून करण्यात आला. ज्या शहरात जागेसाठी माणसे तळमळत होती, त्याच शहरात सरकारी खोल्या ओस पडाव्यात, याहून मोठा उपहास शोधूनही सापडणार नाही.

परंतु कारकुनाच्या दैवाला खरी कलाटणी दिली ती भाडेनियंत्रणाने. युद्धकाळात भाडी भडकू नयेत म्हणून 1918 मध्ये पहिला निर्बंध आला. 1947 च्या कायद्याने 1 सप्टेंबर 1940 रोजी जे भाडे चालू होते तेच प्रमाणभाडे म्हणून गोठविले. हेतू निःसंशय न्याय्य होता. फाळणीनंतरचे निर्वासित, महागाई आणि घरमालकांची अरेरावी यांच्या कचाट्यातून लक्षावधी कुटुंबांना या कायद्याने वाचविले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढीवर मुदतवाढ घेत अर्धशतक टिकला. त्यातील गोठलेले प्रमाणभाडे आता समर्थनीय राहिलेले नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले ते 1997 साली. तोपर्यंत भाड्याच्या उत्पन्नातून इमारतीचा जिनाही दुरुस्त होईना, भाड्याने देण्यासाठी नवी चाळ बांधणे हा मूर्खाचा व्यापार ठरला, आणि ज्याच्या नावावर पावती होती तो माणूस ती खोली जिवंतपणी सोडीना, मेल्यावर त्याचे वारस सोडीनात.

या कोंडीतून पागडी फोफावली. नाव मानाचे, व्यवहार काळोखातला. जुन्या कुळाने नव्या कुळाकडून ठोक रक्कम घ्यावी, तिचा काही हिस्सा, बहुधा तिसरा, घरमालकास द्यावा, आणि त्याने मग नव्या नावाची पावती फाडावी. भाडे मात्र पूर्वीचेच. 1947 च्या कायद्याने अशी रक्कम घेणे मालक आणि कुळ या दोघांसही गुन्हा ठरविले होते, म्हणून तिला दस्तऐवज नसे, साक्षीदार असे तो दलाल. तिला कायद्याची मान्यता मिळाली ती 1999 च्या भाडेनियंत्रण कायद्याने. म्हणजे सुमारे पन्नास वर्षे या शहरातील कायदेभीरू कुटुंबांनी बायकोचे दागिने मोडून जो व्यवहार केला, तो कायद्याच्या लेखी अपराध होता. मालकी नाही, तरी किंमत मालकीच्या जवळपास. ही रक्कम भरण्याची ऐपत ज्याची नाही, त्या नवविवाहित तरुणाने आईवडील, धाकटी भावंडे आणि एखादा गावाहून आलेला चुलता यांच्यासह एकाच खोलीत संसार मांडावा, हे ओघानेच आले. 1970 साली राजा ठाकूर यांनी ‘मुंबईचा जावई’ या चित्रपटात याच अडचणीचा विनोद केला, आणि प्रेक्षक मनमुराद हसले ते त्यांना ती अडचण पाठ होती म्हणूनच.

भाड्याने द्यायचे नाही, तर विकायचे, हा निष्कर्ष व्यापाऱ्याने काढला. बांधकाम पुरे होण्यापूर्वीच खरीदारांकडून पैसे उचलायचे आणि त्यांतूनच इमारत उठवायची, ही पद्धत इतकी बोकाळली की 1963 मध्ये मालकी हक्काच्या सदनिकांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या वीस टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ नये, सदनिकाधारकांची सहकारी संस्था स्थापन झाल्यावर ठराविक मुदतीत जमीन आणि इमारत तिच्या नावे करून द्यावी, असे दंडक त्यात होते. पहिला दंडक पुष्कळांनी गुंडाळला, दुसरा त्याहून अधिकांनी. अखेरीस विकासकाच्या संमतीविनाच जमीन संस्थेस मिळावी म्हणून 2008 साली ‘मानीव अभिहस्तांतरण’ नावाची तरतूद आणावी लागली. ज्या घराला मालकीचे म्हणतात त्याखालची जमीन कैक वर्षे दुसऱ्याच्याच नावावर असते, आणि सभासदाच्या हाती येते ते प्रत्येकी पन्नास रुपयांच्या भागांचे एक प्रमाणपत्र. तालमकींच्या संस्थेतही सभासदाजवळ भागांचेच प्रमाणपत्र असे. भेद इतकाच की, त्या प्रमाणपत्रावर कोणी सट्टा खेळत नव्हते.

1977 हे वर्ष या कथेत विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी निरनिराळी गृहनिर्माण मंडळे एकत्र करून म्हाडा ही सरकारी संस्था अस्तित्वात आली. त्याच वर्षी हसमुखभाई पारेख यांनी, निवृत्तीचे वय उलटून गेल्यावर, केवळ घरांसाठी कर्ज देणारी एचडीएफसी ही संस्था स्थापिली. आणि त्याच वर्षी ‘घरौंदा’ हा हिंदी चित्रपट आला, ज्यात सदनिकेसाठी पै-पै साठविणाऱ्या दोन कारकुनांचे पैसे बिल्डर बुडवितो आणि नायिकेला म्हाताऱ्या मालकाशी लग्न करण्याची पाळी येते. प्रश्न आणि त्याची दोन उत्तरे एकाच वर्षी जन्मास यावीत, हा योगायोग खरा. पण कर्जाच्या उत्तराने समाजाच्या आयुष्यक्रमातच फरक पाडला. पूर्वीचा कारकून प्रॉव्हिडंट फंड हाती आला म्हणजे, साठीच्या उंबरठ्यावर, पुण्यास किंवा गावी घर बांधी. आता पुढच्या वीस वर्षांचा पगार तारण ठेवून पंचविशीतल्या माणसाला आरंभीच घर मिळू लागले. लाभ उघड आहे. तोटा असा की, कर्जाची मर्यादा जसजशी वाढत गेली तसतशी किंमतही तिच्या मागोमाग चढत गेली, आणि पगाराचा जो भाग पूर्वी भाड्याच्या रूपाने चाळमालकाकडे जाई, त्याच्या कितीतरी पट रक्कम हप्त्याच्या रूपाने जाऊ लागली.

म्हाडाच्या घरांच्या सोडतीविषयी थोडक्यात सांगावयाचे तर अत्यल्प, अल्प, मध्यम आणि उच्च अशा उत्पन्नगटांत अर्जदार वाटले जातात, अनामत रक्कम भरावी लागते, आणि निकाल नशिबाच्या हाती असतो. उत्पन्नाचा दाखला ज्याला अल्प गटात बसवितो, त्याच दाखल्यावर कोणतीही बँक त्याला त्या गटाच्या घरापुरते कर्ज देईलच असे नाही. याहून निराळी वाट मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकात दाखविली. 1976 च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याचा आग्रह धरून नागरी निवारा परिषदेने गोरेगावात अतिरिक्त ठरलेली जमीन मिळविली आणि तेथे अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी हजारो घरे उभारली. तालमकींच्या कल्पनेचे हे ज्ञातीच्या कुंपणाबाहेरचे रूप म्हणता येईल. त्याची पुनरावृत्ती झाली नाही, आणि 2007 मध्ये राज्याने तो कायदाच रद्द केला.

ज्या वरळीच्या खोल्यांना एकेकाळी भाडेकरू मिळत नव्हते, तेथील चाळी आता पाडल्या जात आहेत. 160 चौरस फुटांच्या बदल्यात रहिवाशांस 500 चौरस फुटांची मालकीची सदनिका विनामूल्य मिळते, आणि पहिल्या किल्ल्या 2025 च्या ऑगस्टमध्ये वाटल्या गेल्या. ते न्याय्यच आहे. पण ज्याच्या आजोबांच्या नावावर अशी कोणतीच खोली नव्हती, तो आज बदलापूर किंवा विरारच्या गाडीत उभा असतो. त्याने भाड्याने राहायचे ठरविल्यास तेही सोपे नाही. 1 फेब्रुवारी 1973 रोजी जे कुळ म्हणून नव्हे, तर नुसत्या परवान्याने (लीव्ह अँड लायसन्स) राहत होते त्यांना कायद्याने एका फटक्यात संरक्षित कुळ केल्यापासून, घरमालकाच्या मनात जी भीती बसली ती 1999 चा नवा कायदा येऊनही गेलेली नाही. म्हणून करार अकरा महिन्यांचा, त्याच्या अखेरीस भाडेवाढ किंवा स्थलांतर, दर स्थलांतरास नवी अनामत, दलालाला पुन्हा एक महिन्याचे भाडे, आणि मुलाची शाळा मध्येच बदलण्याचा प्रसंग. वीस वर्षांचे कर्ज त्याला स्वस्त वाटते ते या हिशेबापुढे.