१९५७ : द्वैभाषिक मुंबई राज्याचा जिल्हावार कौल

१ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले. जुन्या मुंबई प्रांतातले मराठी आणि गुजराती जिल्हे, हैदराबाद राज्यातून सुटलेला मराठवाडा, मध्य प्रदेशातून आलेला विदर्भ, तसेच सौराष्ट्र आणि कच्छ अशी या राज्याची जुळणी होती. बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवार मात्र म्हैसूरकडे गेले. मुख्यमंत्रिपद यशवंतराव चव्हाणांकडे आले आणि चारच महिन्यांत, फेब्रुवारी-मार्च १९५७ मध्ये, या राज्याला मतदारांसमोर जावे लागले.

विधानसभेच्या जागा ३९६ होत्या, मतदारसंघ मात्र ३३९. उरलेला फरक दुहेरी मतदारसंघांचा. अशा ठिकाणी एक सर्वसाधारण आणि एक राखीव असे दोन आमदार निवडले जात आणि मतदाराला दोन मते असत. मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत तेव्हा नव्हती. प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली स्वतंत्र पेटी असे, मतदार आडोशाला जाऊन हव्या त्या पेटीत कागद टाकी. काँग्रेसची बैलजोडी खेड्यापाड्यांत ओळखीची झालेली होती. संयुक्त महाराष्ट्र समितीचे तसे नव्हते. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी मुंबईसह मराठी भाषकांच्या राज्याच्या मागणीसाठी पुण्यात स्थापन झालेली ही समिती म्हणजे प्रजासमाजवादी, शेतकरी कामगार पक्ष (शेकाप), कम्युनिस्ट, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, जनसंघ अशा एरवी एकमेकांना पाण्यात पाहणाऱ्या पक्षांची आघाडी. तिचे उमेदवार आपापल्या पक्षांतर्फे किंवा अपक्ष म्हणून उभे राहिले, त्यामुळे निकालाच्या अधिकृत तक्त्यात समितीचे नाव शोधूनही सापडत नाही.

तक्ता असा होता : काँग्रेस २३४, प्रजासमाजवादी ३६, शेकाप ३१, कम्युनिस्ट १३, फेडरेशन १३, जनसंघ ४, हिंदू महासभा १ आणि अपक्ष ६४. नुसते आकडे पाहिले तर काँग्रेसचा विजय स्वच्छ वाटतो. जिल्हावार पाहिले की चित्र पालटते.

पुणे, सातारा, कोल्हापूर, अहमदनगर, नाशिक, रत्नागिरी या पट्ट्यात काँग्रेसची दाणादाण उडाली. नोव्हेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत याच मागणीच्या आंदोलकांवर झालेल्या गोळीबाराची जखम इथे ताजी होती. हुतात्म्यांची नावे सभांतून घेतली जात होती. पण केवळ भावनेने जागा येत नाहीत. साताऱ्यात ब्रिटिशांविरुद्धच्या प्रतिसरकारच्या काळापासूनचे कार्यकर्त्यांचे जाळे होते. कोल्हापूर आणि कुलाब्यात शेकापची पाळेमुळे शेतकऱ्यांत रुजलेली होती आणि नाशकात दादासाहेब गायकवाडांमागे फेडरेशनची फळी उभी होती. एस. एम. जोशी पुण्याच्या शुक्रवार पेठेतून, आचार्य अत्रे दादरमधून विधानसभेत गेले. त्याच वेळी झालेल्या लोकसभेच्या निवडणुकीत साताऱ्याने क्रांतिसिंह नाना पाटलांना, पुण्याने ना. ग. गोरे यांना, राजापूरने नाथ पै यांना निवडले. खुद्द मुख्यमंत्री चव्हाण कराडमधून थोडक्या मतांनी तरले. मुंबई शहर दुभंगले : गिरणगाव समितीकडे झुकला, इतर अनेक वस्त्यांनी काँग्रेसला साथ दिली.

मराठवाडा आणि विदर्भ वेगळ्या वाटेने गेले. मराठवाड्याला निजामी राजवटीतून सुटल्यावर मराठी मुलखाशी एकत्र यायचे होते आणि ते द्वैभाषिकाने साधले होते, भले अपुरे का असेना. विदर्भात स्वतंत्र राज्याची मागणी जुनी होती, नागपूरचे राजधानीपद गेल्याची सल होती, तरीही समितीच्या घोषणेने तिथला मतदार हलला नाही. दोन्हीकडे काँग्रेसने आपले बळ राखले. गुजरातेतही अशीच फाळणी दिसली. अहमदाबादने वेगळ्या गुजरात राज्याची मागणी करणाऱ्या महागुजरात जनता परिषदेच्या इंदुलाल याज्ञिकांना लोकसभेत पाठवले, सौराष्ट्र मात्र काँग्रेसबरोबर राहिले.

म्हणजे द्वैभाषिकाचे सरकार ज्या जागांवर उभे राहिले, त्यांचा मोठा वाटा विदर्भ, मराठवाडा आणि गुजरात-सौराष्ट्रातून आला. जुन्या मुंबई प्रांतातल्या मराठी जिल्ह्यांनी या राज्यरचनेला स्पष्ट नकार दिला होता. ज्या मुलखातून मुख्यमंत्री आले, त्याच मुलखाचा नकार ही साधी गोष्ट नव्हती. बहुमत असूनही चव्हाणांना त्या कौलाकडे डोळेझाक करता आली नाही. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी पंडित नेहरू आले, तेव्हा समितीने काळी निशाणे घेऊन केलेल्या प्रचंड निदर्शनांनी तोच कौल दिल्लीच्या कानी घातला. १९५९ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्ष झालेल्या इंदिरा गांधींनी द्वैभाषिकाच्या फेरविचाराला चालना दिली.

१ मे १९६० रोजी राज्य दुभंगले. ३९६ पैकी १३२ आमदार गुजरातकडे गेले, २६४ महाराष्ट्रात राहिले. १९६१ मध्ये दुहेरी मतदारसंघ रद्द झाले. ध्येय गाठल्यावर समितीतले पक्ष पांगले आणि १९६२ च्या निवडणुकीत २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसने जिंकल्या. पाच वर्षांपूर्वी तिला नाकारणाऱ्या जिल्ह्यांतल्या बहुतेक जागाही त्यांत होत्या.