यवनांचीं गलबतें आणि भोजनमंडप

आजरा हें गांव समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या माथ्यालगत, हिरण्यकेशीच्या कांठीं वसलेलें आहे. येथील घनसाळ तांदूळ सुवासाकरितां प्रसिद्ध असून २०१६ सालीं त्यास भौगोलिक मानांकनही मिळालें. अशा गांवीं बसून ग्रीक खलाशांच्या बेटांचा व त्यांच्या अन्नपानाचा विचार करणें प्रथमदर्शनीं विचित्र वाटेल. तथापि आंबोलीचा घाट उतरून वेंगुर्ल्यास गेलें म्हणजे जो समुद्र दृष्टीस पडतो, त्याचें वर्णन एका ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत करून ठेविलें आहे. तेव्हां हा विचार अगदींच अप्रस्तुत होणार नाहीं.

‘पेरिप्लस’ या नांवानें ओळखली जाणारी ही मार्गदर्शिका व्यवहारी माणसानें लिहिलेली आहे. ईजिप्तच्या तांबड्या समुद्रावरील बंदरांतून जुलैच्या सुमारास गलबतें निघत व मोसमी वाऱ्याच्या जोरावर हिंदुस्थान गांठीत. भडोच, कल्याण, चौल हीं बंदरें सांगून लेखक दक्षिणेकडे वळतो आणि सेसेक्रीनाई, एजिदी, कैनिताई अशीं बेटांचीं नांवें एकामागून एक देतो. यांपैकीं पहिलीं म्हणजे वेंगुर्ल्यासमोरील खडक होत असें अनेक विद्वानांनीं मानिलें आहे. दुसऱ्यास कोणी अंजदीव समजतात, तर कोणी गोवें. आज गेटवेवरून लाँचमध्यें बसून घारापुरीस जाणाऱ्यास बेटावर जाणें ही एक मौज वाटते. त्या खलाशांस मात्र बेट म्हणजे वाट चुकली नाहीं याची खूण. आणि त्याच भागांत चांचे असतात अशी ताकीदही लेखक देऊन ठेवितो. संकट चांच्यांचेंच होतें असेंही नाहीं. कल्याण बंदरांत चुकून शिरलेलीं ग्रीक गलबतें पहाऱ्यांत भडोचास नेलीं जात, असें तो सांगतो. राजांच्या चढाओढींत व्यापारी भरडला जावा, ही गोष्ट कांहीं आजची नव्हे.

या गलबतांतून काय येई व काय जाई, हें पाहूं गेल्यास मोठी गंमत वाटते. भडोचास येणाऱ्या मालांत मद्याचें नांव प्रथम आहे. त्यांतही इटलीच्या मद्यास विशेष मागणी होती. उलट, आरियाके नामक प्रांतांतून व भडोचाहून आफ्रिकेच्या किनाऱ्यास गहूं, तांदूळ, तूप, तिळाचें तेल आणि ‘साक्खरी’ नांवाचा वेताचा मध जात असे. ही यादी वाचतांना आपल्याच कोठीघरांत उभे आहों असा भास होतो. मिऱ्यांस तर संस्कृत कोशांत ‘यवनप्रिय’ असेंच नांव आहे, व ग्रीकांचा ‘पेपेरी’ हा शब्द आपल्या ‘पिप्पली’वरून गेला असें भाषाशास्त्रज्ञ सांगतात. ज्यांस आम्ही परके म्हणतों, त्यांच्या जेवणाची चव आमच्या शब्दानें त्यांच्या जिभेवर बसली होती!

समुद्रावरून आलेली वस्तु घाटावरही चढे. कोल्हापुरास पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरीच्या टेकाडांत पोसायडन या ग्रीक सागरदेवतेची कांशाची लहान मूर्ति सांपडली. तेथें १९४५-४६ सालीं डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनीं उत्खनन केलें. परंतु एवढ्यावरून कोल्हापुरास ग्रीकांची वसाहत होती असें अनुमान काढणें साहसाचें होईल. माल हातोहात जातो. त्याबरोबर मालक जातोच असें नाहीं. पूर्वी रोमन मद्यकुंभांचे म्हणून मानलेले कित्येक तुकडे अलीकडील तपासणींत इराणी आखाताकडील रांजणांचे ठरले आहेत, हेंही ध्यानांत ठेवावें. अभिमानापेक्षां पुरावा मोठा.

मग यवन स्वतः येथें आले होते कीं नाहीं? याचें उत्तर लेणीं देतात. कार्ल्याच्या चैत्यगृहांत धेनुकाकटाच्या यवनांनीं स्तंभ दान दिले. जुन्नरास इरिल नांवाच्या यवनानें पाण्याच्या दोन पोढी खोदविल्या, आणि तेथेंच शिवनेरीच्या लेण्यांत चित नांवाच्या यवनानें भिक्षुसंघास भोजनमंडप अर्पण केला. हे सारे रक्तानें ग्रीक होते कीं पश्चिमेकडील अन्य कोणी, यासंबंधीं मतभेद आहेत. परंतु आपण यवन आहों हें त्यांनीं लपविलें नाहीं, व संघानेंही त्यांचें दान नाकारलें नाहीं.

पुढें हाच ‘यवन’ शब्द आमच्या भाषेंत केवळ शत्रुवाचक व तिरस्काराचा झाला, आणि परक्याच्या हातचें पाणीही वर्ज्य मानणारा काळ आला. समुद्रगमनास आम्हीं पाप ठरविलें. तेव्हां बेटांचीं नांवें परक्यांच्या ग्रंथांत शोधण्याची पाळी आमच्यावर आली, यांत नवल तें काय? ग्रीक मद्याची चव कशी होती, हें आज सांगतां येणार नाहीं. त्याचे कुंभ केव्हांच फुटले. पण एका परदेशीयानें दुसऱ्यांस सुखानें बसून जेवतां यावें म्हणून कोरविलेली जागा मात्र शिवनेरीच्या पाषाणांत कायम आहे. घरीं आलेल्या पाहुण्यास घनसाळाचा भात वाढतांना त्या चिताचें स्मरण झालें, तर तें अनुचित होणार नाहीं.