पतौडीचा उजवा डोळा

मंडळी, पतौडीचं नाव निघालं की आपल्याकडे तीन गोष्टी ठरलेल्या असतात. नवाबी, शर्मिला टागोर आणि एक डोळा. पहिल्या दोन गोष्टींवर पुष्कळ लिहून झालं आहे. तिसरी मात्र आपण एका वाक्यात उरकतो. "एका डोळ्यानं खेळायचा हो!" असं म्हणायचं आणि पुढे जायचं. मला त्या वाक्यापाशी जरा रेंगाळायचं आहे. घरच्यांना ठाऊक आहेच, तीन वर्षांपूर्वी काचबिंदूनं माझ्या उजव्या डोळ्याची नजर नेली. तेव्हापासून पतौडीच्या त्या डोळ्याकडे मी वेगळ्या आस्थेनं पाहू लागलो आहे.

आधी हकीकत. १ जुलै १९६१. मन्सूर अली खान पतौडी वीस वर्षांचा होता आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाचा कर्णधार होता. विंचेस्टरच्या शाळेत असतानाच त्यानं एका हंगामात हजारावर धावा करून डग्लस जार्डिनचा चाळीस वर्षांपूर्वीचा विक्रम मोडला होता. (हा तोच बॉडीलाइनवाला जार्डिन. पतौडीचे वडील, थोरले नवाब, १९३२-३३ च्या त्या दौऱ्यावर त्याच्याच संघात होते. काव्यगत न्याय म्हणतात तो हाच!) ऑक्सफर्डकडून वडिलांनी १९३१ मध्ये केलेल्या १३०७ धावांचा विक्रम मोडायला त्या हंगामात मुलाला शंभरसुद्धा धावा कमी पडत नव्हत्या. होव्हला ससेक्सविरुद्धचा खेळ संपल्यावर मंडळी जेवायला बाहेर पडली होती. परतताना हॉटेल अगदी जवळ होतं, म्हणून काही सोबती चालत निघाले. पतौडी गाडीत बसून राहिला. गाडीला अपघात झाला आणि समोरची काच फुटून तिची कपची त्याच्या उजव्या डोळ्यात गेली.

शस्त्रक्रिया झाली, पण डोळा कामातून गेला तो गेलाच. पुढे काँटॅक्ट लेन्स लावून पाहिली तर एकाऐवजी दोन वस्तू दिसायला लागल्या.

आता हे मी अनुभवानं सांगतो. एक डोळा गेला म्हणजे जग अर्धं दिसतं, अशी बहुतेकांची कल्पना असते. तसं नाही. दिसतं जवळजवळ सगळंच, पण अंतर कळत नाही. दोन डोळे एकाच वस्तूची किंचित वेगवेगळी दोन चित्रं मेंदूकडे पाठवतात आणि त्या फरकावरून मेंदू जवळ-लांब ठरवतो. एक चित्र बंद पडलं की वस्तू सपाट होते. पहिले काही महिने मी चहा कपाऐवजी बशीत ओतत होतो, आणि जिन्याची शेवटची पायरी तर अजून पायानंच चाचपतो. पतौडीनंही लिहून ठेवलं आहे की ग्लासात पाणी ओतायला गेला तर ते टेबलावर सांडायचं आणि सिगारेट पेटवताना काडी भलतीकडेच जायची. हे वाचलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आमची ही म्हणाली, "नवाबाच्या पंगतीला बसलात!"

ज्याला टेबलावरचा ग्लास सापडत नाही, त्याला बावीस यार्डांवरून येणारा चेंडू कसा सापडणार? अपघातानंतर पाच महिन्यांच्या आत हैदराबादला इंग्लंडच्या पाहुण्या संघाविरुद्ध तो खेळायला उतरला. डोळ्यात लेन्स होती, त्यामुळे दोन चेंडू दिसत होते, सहा-सात इंचांच्या अंतरानं. त्यातला आतल्या बाजूचा खरा मानून त्यानं चहापानापर्यंत तीसेक धावा काढल्या. मग लेन्स काढून टाकली, उजवा डोळा मिटला आणि सत्तरपर्यंत मजल मारली. १३ डिसेंबर १९६१ ला दिल्लीत त्यानं कसोटी पदार्पण केलं. जानेवारीत मद्रासला शतक ठोकलं आणि इंग्लंडविरुद्धची मालिका भारतानं पहिल्यांदाच जिंकली.

त्यासाठी त्यानं उभं राहण्याची पद्धत बदलली. छाती गोलंदाजाकडे जरा जास्त वळवली आणि टोपीची झडप उजव्या डोळ्यावर ओढून घेतली. उजव्या हातानं खेळणाऱ्याचा डावा डोळा गोलंदाजाच्या बाजूला असतो. तो शाबूत राहिला, एवढंच काय ते नशीब. पुढे मार्च १९६२ मध्ये बार्बाडोसला नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्याला ग्रिफिथचा चेंडू लागला, कवटी फुटली. तेव्हा ज्यांनी रक्त दिलं त्यांत वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेल होता, आणि आपले बापू नाडकर्णीही होते. 'आपले' अशासाठी, की बापूंचा जन्म नाशिकचा, १९३३ चा. कर्णधारपद पतौडीकडे आलं तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता.

आमच्या पिढीचा पतौडी म्हणजे १९६४ च्या दसऱ्याचा. ब्रेबोर्नवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी होती. दुसऱ्या डावात बापूंनी आणि चंद्रशेखरनं चार-चार बळी घेतले आणि आपल्याला २५४ हव्या होत्या. सहा बाद १२२ झाल्यावर वाड्यात रेडिओभोवती बसलेली मोठी माणसं उठून पायात चपला घालायला लागली. मी तेव्हा हायस्कुलात होतो. समालोचन इंग्रजी, कळायचं अर्धंच, पण आकडे कळायचे. विजय मांजरेकर आणि पतौडी यांनी ९३ जोडल्या. पहिल्या डावात ८६ काढणाऱ्या पतौडीनं या डावात ५३ केल्या. दोघेही बाद झाल्यावर पुण्याच्या चंदू बोर्ड्यांनी उरलेलं काम केलं, दोन गडी राखून. त्या दिवशी सोनं लुटायला आम्ही सीमोल्लंघन करून आल्यासारखेच निघालो.

असो. आपण १९७१ म्हटलं की अजित वाडेकरचं नाव अभिमानानं घेतो, आणि घ्यावंच. पण ते कर्णधारपद विजय मर्चंट यांच्या निर्णायक मतानं पतौडीकडून काढून वाडेकरला दिलेलं होतं. आणि परदेशात मालिका जिंकण्याचा नारळ त्याआधीच, १९६८ मध्ये न्यूझीलंडला, पतौडीनं फोडला होता. हे आपण मराठी माणसं चटकन विसरतो.

पतौडीच्या नावावर ४६ कसोटी, २७९३ धावा, सरासरी ३४.९१. आकडेवारीवाले म्हणतात, मोठी नाही. मला तो आकडा पाहून वेगळंच वाटतं. होव्हच्या आधीचा तो वीस वर्षांचा पोरगा परत आलाच नाही. आला तो दुसराच कोणी, ज्यानं तोच खेळ नव्यानं शिकून घेतला. १९६७ मध्ये हेडिंग्लेला फॉलोऑननंतर १४८ काढल्या, त्या या दुसऱ्या माणसानं.

पण पतौडीकडे एक डोळा होता. दोन्ही गेले तर?

याचं उत्तर १९२२ मध्ये मेलबर्नच्या दोन अंध कारखाना-कामगारांनी काढलं. पत्र्याच्या डब्यात खडे भरले आणि त्याचाच चेंडू केला. पतौडीनं खेळासाठी स्वतःला बदललं, या दोघांनी खेळच बदलून टाकला. आता प्लास्टिकच्या टणक चेंडूत छर्रे असतात. तो खांद्याखालून सरपटी टाकायचा, खेळपट्टीच्या मध्याच्या आधी त्याचा टप्पा पडायलाच हवा. अकरांत किमान चार जण पूर्ण अंध, आणि त्यांची प्रत्येक धाव दुप्पट मोजली जाते. त्यांच्यापैकी कोणी एक टप्पा पडून आलेला चेंडू पकडला तरी झेल धरतात. पहिला विश्वचषक १९९८ मध्ये दिल्लीत झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये अंध महिलांचा पहिला टी-ट्वेंटी विश्वचषक कोलंबोत भारतानं नेपाळला हरवून जिंकला. त्या संघाची उपकर्णधार गंगा कदम महाराष्ट्राची आहे. किती घरांत ही बातमी मोठ्यानं वाचली गेली असेल कोण जाणे.

माझा एक विद्यार्थी शाळेच्या संघात मध्यमगती टाकायचा. पंचविशीत पडद्याच्या विकारानं त्याची नजर गेली. मधली चार-पाच वर्षं तो क्रिकेटचा शब्दही काढू देत नसे, घरात सामना लागला की उठून जायचा. आता तो हे क्रिकेट खेळतो. माझ्या डोळ्याचं कळल्यावर भेटायला आला, तेव्हा पिशवीतून तो चेंडू काढून माझ्या हातात दिला. लहान बाळाच्या खुळखुळ्यासारखा वाजतो. आम्ही सोसायटीच्या मोकळ्या जागेत गेलो.

"सर, डोळे मिटा बरं. दोन्ही."

मिटले. हातात नातवाची बॅट होती.

"रेडी?" त्यानं विचारलं. या खेळात गोलंदाजानं हे विचारावं लागतं. मी "यस" म्हणालो. तो "प्ले" म्हणाला आणि छर्ऱ्यांचा आवाज सरपटत आला. मी बॅट घातली तेव्हा आवाज माझ्या मागे भिंतीपाशी पोहोचला होता.

"उशीर झाला, सर. कान पुढे ठेवा, बॅटच्याही पुढे. परत टाकू?"

मी म्हटलं, टाक.