कूपर गेले, खेर आले

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

निगडीच्या प्राधिकरणात मी गेली अनेक वर्षे राहतो. काही वर्षांपूर्वी आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या कमिटीची निवडणूक झाली आणि जुने पॅनेल पडले. जिंकलेल्यांनी पेढे वाटले, हरलेल्यांनीही ते खाल्ले. दुसऱ्या दिवशी नवे सेक्रेटरी जुन्या सेक्रेटरींच्या दारी गेले आणि त्यांनी संस्थेचे दप्तर मागितले. इतिवृत्ताचे रजिस्टर, चेकबुक, शिक्का, पंपघराची किल्ली, एवढाच तो कारभार. उत्तर मिळाले, ‘बघतो, पुढच्या रविवारी या.’ असे पाच-सहा रविवार गेले. मध्येच पाण्याची मोटार जळाली. दुरुस्तीचा चेक कोणाच्या सहीने काढायचा, हे कोणालाच ठरवता येईना. निवडून कोण आले हे इमारतीतल्या पोरासोरांना ठाऊक होते, पण कारभार कोणाचा, हे बँकेला ठाऊक नव्हते. तोवर आम्ही वर्गणी काढून टँकर मागवले.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. बादली घेऊन टँकरपाशी उभा असताना मला १९३७ साल आठवले, हा त्या व्यवसायाचाच दोष म्हणायचा! निवडणूक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्रचार, मतदान आणि मतमोजणी येते. पण निकाल लागल्यानंतर आणि नव्या माणसाने चार्ज घेण्याआधी एक मधला काळ असतो. तो कधी तासाभराचा असतो, तर कधी कित्येक महिन्यांचा. लोकशाहीची खरी परीक्षा त्या काळात होते. जिथे राजाही आहे आणि निवडणूकही आहे, तिथे ती परीक्षा कशी होते, याविषयी आज बोलायचे आहे.

अशा राज्यपद्धतीला घटनात्मक राजेशाही म्हणतात. राजा असतो, सह्या त्याच्याच नावाने होतात, पण कारभार लोकांनी निवडलेले मंत्री करतात. इंग्लंडचे उदाहरण आपल्या परिचयाचे आहे. तिथे हरलेला पंतप्रधान राजवाड्यावर जाऊन राजीनामा देतो. मग पार्लमेंटमध्ये ज्याच्या पाठीशी बहुमत आहे, त्याला राजा बोलावतो आणि सरकार बनवायला सांगतो. या सगळ्यात राजाचे काम एकच, स्वतःची आवडनिवड मध्ये न आणणे.

२६ जुलै १९४५ रोजी इंग्लंडमध्ये निवडणुकीचे निकाल लागले. हिटलरविरुद्धचे युद्ध जिंकून देणारे चर्चिल हरले. त्याच संध्याकाळी ते सहाव्या जॉर्ज राजाकडे गेले आणि राजीनामा देऊन परतले. थोड्याच वेळात मजूर पक्षाचे ॲटली राजवाड्यावर पोचले. त्यांची छोटी गाडी त्यांच्या पत्नी चालवत होत्या. जर्मनीत पॉट्सडॅम येथे बड्या राष्ट्रांची परिषद चालू होती. ती अर्धी सोडून आलेले चर्चिल पुन्हा तिकडे गेले नाहीत, त्यांच्या खुर्चीवर जाऊन ॲटली बसले. अलीकडे ४ जुलै २०२४ रोजी तिथे मतदान झाले आणि ५ जुलैला सुनक जाऊन स्टार्मर आलेसुद्धा.

पण हे सगळीकडे इतके सुरळीत होत नाही. बेल्जियममध्येही राजा आहे. तिथे २०१०च्या निवडणुकीनंतर पक्षांचे जमेना आणि नवे सरकार यायला ५४१ दिवस लागले. तोवर जुनेच मंत्रिमंडळ काळजीवाहू म्हणून काम पाहत होते. कारण राजेशाहीत एक नियम कटाक्षाने पाळतात. राजा एक दिवसही मंत्र्यांवाचून राहता कामा नये. नवा येईपर्यंत जुन्याने गादी तापती ठेवायची.

आता आपल्या मुंबई इलाख्याकडे येऊ. १९३५च्या कायद्याने प्रांतांना स्वायत्तता मिळाली आणि १९३७च्या आरंभी निवडणुका झाल्या. मताचा हक्क सर्वांना नव्हता. इस्टेट, कर किंवा शिक्षण यांच्या अटी होत्या. मुंबईच्या विधानसभेत १७५ जागा होत्या. त्यांपैकी ८६ काँग्रेसने जिंकल्या. बहुमताला दोन कमी, पण दुसरा कोणताही पक्ष तिच्या जवळपास नव्हता. काँग्रेस पक्षाने नेता म्हणून बाळ गंगाधर खेर यांना निवडले. खेर मूळचे रत्नागिरीचे, पेशाने सॉलिसिटर, बोलायला मृदू.

इंग्लंडच्या रिवाजाप्रमाणे पुढची गोष्ट सोपी होती. राजाच्या वतीने गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न यांनी खेरांना बोलवायचे आणि १ एप्रिलला, म्हणजे नवा कायदा लागू होताच, त्यांनी शपथ घ्यायची. परंतु या राजेशाहीत एक मोठी मेख होती. इंग्लंडच्या राजाने मंत्र्यांचा सल्ला डावलायचा नाही, असा तिथला संकेत. आपल्याकडच्या गव्हर्नरला मात्र कायद्यानेच ‘खास जबाबदाऱ्या’ दिल्या होत्या. त्यांच्या नावाखाली तो मंत्र्यांचा सल्ला बाजूला ठेवू शकत होता. म्हणजे दप्तर द्यायचे, पण पंपघराची किल्ली आपल्याच खिशात ठेवायची!

काँग्रेसने मार्चमध्ये अट घातली. मंत्री कायद्याच्या चौकटीत काम करत असतील तोवर गव्हर्नर आपले खास अधिकार वापरणार नाही, असे आश्वासन द्या, तरच आम्ही सत्ता घेऊ. गव्हर्नरांनी उत्तर दिले, असे वचन देण्याची मुभा आम्हाला कायदाच देत नाही. काँग्रेसने सरकार बनवायला नकार दिला.

निवडून आलेला पक्ष यायला तयार नाही आणि कारभार तर एक दिवसही थांबवता येत नाही. अशा वेळी ब्रेबोर्न यांनी साताऱ्याच्या धनजीशहा कूपर यांना बोलावले. १ एप्रिल १९३७ रोजी कूपर मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले. त्या वेळी प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधानच म्हणत.

कूपर हे नाव आमच्या पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत काम केलेल्या जुन्या माणसांना परके वाटणार नाही. साताऱ्याकडच्या कूपर कारखान्याचे लोखंडी नांगर आणि डिझेल इंजिने महाराष्ट्रभर पोचली होती. धनजीशहा हे पारशी, ब्राह्मणेतर पक्षाच्या राजकारणातून वर आलेले. त्यांच्या मंत्रिमंडळात जमनादास मेहता यांच्यासारखे अनुभवी पुढारीही होते. पण विधानसभेत त्यांच्यामागे बहुमत नव्हते आणि ते मिळण्याची आशाही नव्हती.

मग हे सरकार टिकले कसे? विधानसभा बोलावलीच नाही म्हणून! नव्या विधानसभेला सहा महिन्यांच्या आत बोलावले की कायद्याचे समाधान होत होते. सभा भरली नाही, तर अविश्वासाचा ठराव आणणार कुठे? मद्रासेत, संयुक्त प्रांतात, बिहारमध्ये, ओरिसात अशीच तात्पुरती मंत्रिमंडळे आली. नागपूरला मध्यप्रांत-वऱ्हाडात राघवेंद्र राव यांचे मंत्रिमंडळ होते. सगळे कायदेशीर, पण निवडणुकीत लोकांनी जे सांगितले होते त्याच्या उलट. त्याच दिवसांत, १२ मे १९३७ रोजी, लंडनमध्ये सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक थाटात पार पडला. राजाचे पंतप्रधान तिथे पार्लमेंटला जबाबदार होते आणि त्याच राजाच्या नावाने इथे चाललेले सरकार विधानसभेचे तोंड चुकवून बसले होते.

अखेर २१ जून १९३७ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी खुलासा केला. मंत्र्यांच्या रोजच्या कामात गव्हर्नर विनाकारण हात घालणार नाहीत, असा त्याचा मथितार्थ होता. मागितले होते तसे वचन ते नव्हते, पण दार किलकिले झाले. ७ जुलैला वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणीने सत्तास्वीकाराला संमती दिली. कूपर बाजूला झाले आणि १९ जुलै १९३७ रोजी खेरांचे मंत्रिमंडळ आले. त्यात गृहखाते कन्हैयालाल मुन्शींकडे, महसूल मोरारजी देसाईंकडे आणि अर्थखाते अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होते. हे लठ्ठे पूर्वी कोल्हापूर संस्थानाचे दिवाण होते. छत्रपतींच्या मर्जीने कारभार पाहिलेला माणूस आता मतदारांच्या मर्जीने तिजोरी सांभाळू लागला.

त्याच जुलैत पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये नव्या विधानसभेचे अधिवेशन भरले. स्टेशनजवळची ती जुनी इमारत तुमच्यापैकी अनेकांनी विभागीय आयुक्तांच्या कचेरीत जाता-येता पाहिली असेल. सभापती म्हणून गणेश वासुदेव मावळंकर निवडून आले. मावळंकर घराणे मूळचे कोकणातले, पण ते वाढले आणि वकिली करत होते अहमदाबादेत. पुढे ते स्वतंत्र भारताच्या लोकसभेचे पहिले सभापती झाले. आणि समोरच्या बाकांवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य होते. १९३८ साली खेर सरकारने औद्योगिक कलहाचे विधेयक आणले, तेव्हा कामगारांचा संपाचा हक्क त्यामुळे आखडतो म्हणून बाबासाहेबांनी सभागृहात आणि रस्त्यावरही त्याला विरोध केला. साडेतीन महिने बंद राहिलेल्या दाराआड जे व्हायला हवे होते, ते हेच. सरकारने समोर बसायचे आणि विरोधकाने त्याला जाब विचारायचा.

कूपरांना इतिहासाने फारसे लक्षात ठेवले नाही. ठेवले तेही गव्हर्नरने बसवलेला माणूस म्हणून. ती टीका खोटी नाही. पण मला त्यांच्याबद्दल दुसरीही गोष्ट सांगावीशी वाटते. बहुमताचा धनी आला, तेव्हा त्यांनी दप्तर दाबून ठेवले नाही. जेमतेम साडेतीन महिन्यांची सत्ता सोडून ते निघून गेले. सत्तेवर येण्याचा त्यांचा मार्ग भले चुकीचा असेल, जाण्याचा मार्ग बरोबर होता.

राजाने आपण होऊन किल्ली दिली, असेही आपल्याकडे घडले आहे. निगडीत कोणी ‘औंधला निघालोय’ म्हणाले की आपल्याला ब्रेमेन चौकातले औंध आठवते. मी सांगतोय ते साताऱ्याकडचे, यमाईदेवीचे औंध. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी २१ जानेवारी १९३९ रोजी प्रजेला राज्यघटना दिली. तिच्यामागे गांधीजींचा सल्ला होता आणि मॉरिस फ्रिडमन या पोलिश इंजिनिअरचे साहाय्य होते. गावाने पंचायत निवडायची, पंचायतींतून तालुक्याची समिती आणि तिथून विधिमंडळ उभे राहायचे, अशी ती रचना होती. १९४८च्या मार्चमध्ये संस्थान विलीन झाले. संस्थान चिमुकले होते, पण आपला अधिकार आपल्या हाताने कमी करणारा राजा छोटा म्हणता येणार नाही.

मुंबई प्रांतात मात्र किल्ली पूर्णपणे सुटलेली नव्हती. सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉयने कोणालाही न विचारता हिंदुस्थानला महायुद्धात ओढले. नोव्हेंबरमध्ये खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि कारभार गव्हर्नरच्या हाती गेला. १९४६च्या निवडणुकीनंतर खेर पुन्हा आले. १५ ऑगस्ट १९४७ पासून २६ जानेवारी १९५० पर्यंत तर आपला देशच घटनात्मक राजेशाही होता, हे आपण विसरतो. त्या अडीच वर्षांत खिशातल्या नाण्यांवर सहाव्या जॉर्जचेच चित्र होते. प्रजासत्ताक आल्यावर राजा गेला, पण त्याने करायचे काम राहिले. ते राष्ट्रपतींकडे आणि राज्यपालांकडे आले. निकालानंतर कोणाला बोलवायचे, हा प्रश्न आजही कोणीतरी एकाच व्यक्तीने सोडवायचा असतो.

१९३७चा धडा आपण अगदीच वाया घालवला, असे नाही. बहुमत राजभवनात मोजायचे नाही, ते सभागृहातच सिद्ध व्हायला हवे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४च्या बोम्मई खटल्यात सांगितले. नोव्हेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रात भल्या सकाळी शपथविधी झाला, तेव्हा न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी सभागृहात बहुमत सिद्ध करायला सांगितले, आणि ठरावाची वेळ येण्याआधीच ते सरकार पायउतार झाले. सहा महिने दार बंद ठेवून बसण्याची सोय आता राहिलेली नाही.

खेर १९५२ साली भारताचे उच्चायुक्त म्हणून लंडनला गेले. तिथे ते असतानाच, जून १९५३ मध्ये, एलिझाबेथ राणीचा राज्याभिषेक झाला. ज्या राजाच्या गव्हर्नरकडून त्यांनी कधी आश्वासन मागितले होते, त्याच राजाच्या मुलीच्या दरबारात ते एका प्रजासत्ताकाचे प्रतिनिधी होते.

आमच्या सोसायटीचे दप्तर शेवटी मिळाले. सहकार खात्याकडे अर्ज करायचे ठरले, त्याच्या आदल्या संध्याकाळी जुने सेक्रेटरी स्वतःच पिशवी घेऊन खाली उतरले. म्हणाले, ‘पंधरा वर्षं केलं हो. हातातून सोडवेना.’ त्या माणसाने पंधरा वर्षे एका पैशाचा घोळ केला नव्हता. मला त्यांचा रागही आला आणि वाईटही वाटले. नव्या सेक्रेटरींनी किल्ली घेतली आणि त्यांना चहाला वर बोलावले. दुसऱ्या दिवशी मोटार दुरुस्त झाली आणि नळाला पाणी आले.