खामगावच्या मिसबाई

१८७० च्या मार्चमध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले आणि जलंब-खामगाव या आठ मैलांच्या रेल्वे फाट्याचं उद्घाटन झालं. फाटा टाकला तो कापसासाठी. खामगाव ही तेव्हा वऱ्हाडातली सगळ्यात मोठी कापूसपेठ. इथल्या गाठी मुंबईमार्गे विलायतेतल्या गिरण्यांपर्यंत जात. पुढच्या वीस-तीस वर्षांत याच रुळांनी निराळी माणसंही आणली. अमेरिकेतून निघालेली, विशी-पंचविशीतली, गाठीला बायबल आणि अर्धवट मराठी असलेली ही मिशनरी मंडळी. यातल्या कित्येकांना घरी कुणी शेजारचं दुकान चालवायला दिलं नसतं, पण इथे आल्यावर त्यांच्या हाती मिशनचं अख्खं ठाणं आलं. शाळा, दवाखाना, बैलगाडी, नोकरमाणसं, हिशेब आणि दुष्काळ पडल्यावर शेकडो पोरकी लेकरं.

मी खामगावची, मराठी ख्रिस्ती घरातली. शाळेत इतिहास शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. माझी पणजी १८९९ च्या दुष्काळात पोरकी झाली आणि खामगावच्या मिशनच्या अनाथाश्रमात वाढली. म्हणून या तरुण परदेशी माणसांच्या कारभाराकडे मी अहवालातून जशी पाहते, तशीच आमच्या चुलीपाशी ऐकलेल्या गोष्टींमधूनही पाहते.

जेनी फ्रो ही अमेरिकन तरुणी १८७० च्या दशकात वऱ्हाडात आली, तेव्हा ती पंचविशीची होती. आल्बर्ट नॉर्टन यांचं काम एलिचपुरात, म्हणजे आजच्या अचलपुरात, सुरू होतं. तिथे तिने सुरुवात केली. पुढे मार्कस फुलर यांच्याशी तिचं लग्न झालं आणि अकोला हे दोघांचं ठाणं झालं. १८८७ मध्ये न्यूयॉर्कचे पाळक ए. बी. सिम्प्सन यांनी अलायन्स या मिशनरी संस्थेची स्थापना केली. फुलर दांपत्य त्या संस्थेत गेलं आणि मार्कस फुलर तिच्या भारतातल्या कामाचे प्रमुख झाले. १८९० च्या दशकात नव्या मिशनऱ्यांच्या तुकड्या येत गेल्या आणि अकोला, अमरावती, खामगाव, मलकापूर, बुलढाणा अशी ठाणी उभी राहिली. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. बुलढाणा जिल्ह्यात ते आलं १९०५ साली. पायनघाटातलं तापलेलं खामगाव आणि बालाघाटावरचं थंड बुलढाणा यांच्यामध्ये अजिंठ्याच्या डोंगराची चढण होती, आणि ती चढायची बैलगाडीने.

नव्या माणसाला पहिलं काम भाषेचं. मोल्सवर्थचा कोश होता, नवलकरांचं व्याकरण होतं, पण ही पुस्तकं झाली देशावरची. खामगावच्या बाजारात 'मले', 'तुले', 'काहून' ऐकू येई. पुस्तकातलं मराठी बोलणारी मिसबाई, म्हणजे परदेशी मिशनरी बाई, बाजारातल्या बायांना परक्या मुलखाची वाटे. तिला बोलतं केलं ते तिच्या पंडिताने, स्वयंपाकिणीने आणि तिच्याबरोबर गावोगाव फिरणाऱ्या मराठी ख्रिस्ती बायांनी. कुणाच्या दारात आधी बसायचं, पाणी कुठे मागायचं, कोणत्या गल्लीत जायचं नाही, हे सगळं याच माणसांनी शिकवलं. कागदावर प्रमुख मिसबाई होती. चार वर्षं तरी तिचा हात धरून चालवणारे मात्र हेच लोक होते.

मग १८९९ चा पाऊस गेला. विक्रम संवत १९५६, म्हणून लोक त्याला छप्पनचा दुष्काळ म्हणतात. १८९१ च्या शिरगणतीत वऱ्हाडची लोकसंख्या २८ लाख ९७ हजार होती. १९०१ मध्ये ती २७ लाख ५४ हजारांवर आली. ज्वारीवर जगणारा मुलूख ज्वारीला महाग झाला. माणसं खडी फोडायला दुष्काळी कामावर गेली, तिथे पटकीने गाठली. अलायन्सने मुलांचा आश्रम अकोल्यात चालवला आणि मुलींचा खामगावात. माझी पणजी तेव्हा सात-आठ वर्षांची होती. आईबाप गेल्यावर गावचा कुणीतरी माणूस तिला गाडीत घालून घेऊन आला, एवढंच तिला आठवत होतं.

आश्रमातली पहाट आजीने मला पणजीच्या तोंडून ऐकलेली तशीच्या तशी सांगितली आहे. अंधारात घंटा होई. मुली जोडीजोडीने जात्याला बसत. थोरल्या मुलीचा हात खुंट्याच्या वर, धाकटीचा खाली. आदल्या रात्री कोठीतून मापाने काढलेली ज्वारी सुपात असे आणि ती मापताना मिसबाई स्वतः उभी राही. एक नवी मिसबाई आली तेव्हा तिने फर्मान काढलं की आधी प्रार्थना आणि मग दळण. दोन दिवसांत भाकरी दुपारवर गेली, लहान पोरी रडू लागल्या. तेव्हा दळणाची देखरेख करणारी विधवा बाई सरळ तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पोट भरल्याबिगर प्रार्थना होत नाई, बाई." मिसबाईने ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून ती जात्याशी येऊन बसली आणि प्रार्थना दळतादळता होऊ लागली, ओवीच्या चालीवर. पणजी सांगे की त्या दिवसापासून ती बाई आमची झाली.

या अधिकाराची दुसरी बाजूही मला सांगितलीच पाहिजे. पोरक्या मुलीचं नाव काय ठेवायचं, तिने काय शिकायचं, लग्न कुणाशी करायचं, हे मिसबाई ठरवी. पणजीचं लग्न अकोल्याच्या आश्रमातल्या मुलाशी झालं. संसार सुखाचा झाला, पण त्या दोघांना कुणी विचारलं नव्हतं. आपल्या घरी वडीलधाऱ्यांपुढे मान खाली घालणारी पंचवीस वर्षांची मुलगी इथे शंभर मुलींची मायबाप झाली होती. इतकी सत्ता इतक्या कोवळ्या वयात कुणाच्याही हाती देणं धोक्याचंच. मुलींचं नशीब त्या एका बाईच्या स्वभावावर टांगलेलं राही, आणि हा दोष रचनेचा होता.

दुसरी रचना शक्य होती, हे त्याच काळात केडगावला दिसतं. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात मिनी एब्रम्स ही अमेरिकन मिशनरी काम करत होती आणि प्रमुख होत्या रमाबाई. दुष्काळातल्या मुलांसाठी दौंडला आश्रम चालवायला रमाबाईंनी बोलावलं ते आल्बर्ट नॉर्टन यांना. वऱ्हाडात आधी काम केलेला हा माणूस एका मराठी बाईच्या शब्दावर कामाला लागला. जेनी फुलर यांनी हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या दुःखावर लिहिलेलं इंग्रजी पुस्तक १९०० साली निघालं. त्याची प्रस्तावनाही रमाबाईंचीच आहे. पाव शतक इथे राबलेल्या जेनीबाईंना आपल्या शब्दामागे इथल्या बाईचा शब्द हवासा वाटला, हे मला त्यांच्या मोठेपणाचं लक्षण वाटतं. त्याच वर्षी त्या वारल्या.

आता आमच्या मंडळ्यांचे पाळक आणि पंच इथलेच आहेत. विदर्भातली तरुण मुलं शिकून परप्रांतात सेवेला जातात आणि तिशी उलटण्याआधी तिथे प्रमुख होतात. जाण्याआधी कुणी भेटायला आलं, तर मी त्यांना हा इतिहास सांगते. पद पत्राने मिळतं, माणसं मिळायला जात्याशी बसावं लागतं. आणि पोहोचल्यावर पहिल्या अहवालात आपल्याला भाषा शिकवणाऱ्याचं, वाट दाखवणाऱ्याचं, चूक तोंडावर सांगणाऱ्याचं नाव लिहा, असंही बजावते. मिसबाईंची नावं अहवालांत राहिली. दळणावर देखरेख करणाऱ्या त्या विधवेचं नाव पणजीलाही आठवत नव्हतं, आणि खामगावचा आश्रम त्या उपाशी वर्षात तरला तो तिच्यासारख्यांमुळे.